आधी माती, मग मीठ, मग दगड

मनगट मुरगळलं की औषध नंतर शोधा, आधी त्या हातातलं सगळं उतरवा. बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ, मनगटावरचा काळा दोरा, काहीही राहू देऊ नका. सूज चढायला थोडा वेळ लागतो आणि हात खाली लोंबत असला की ती मनगटावरून बोटांत उतरते. पहिल्या अर्ध्या तासात सहज निघणारी अंगठी दुसऱ्या दिवशी सकाळी बोटात रुतून बसलेली असते. साबण किंवा तेल लावून, हात डोक्याच्या वर पाच मिनिटं धरून ती निघते का पाहावी. नाहीच निघाली आणि बोट निळसर किंवा पांढरं पडायला लागलं, तर कापून काढावी. सोनं पुन्हा जोडता येतं.

परवाच्या आषाढात माझ्यावर ही वेळ आली. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर पावसाचं पाणी साचलं होतं, डाव्या हातात भाजीची पिशवी होती. पाय सरकला आणि सगळं अंग उजव्या तळहातावर आलं. त्या क्षणी फार दुखलं नाही. उठले, टोमॅटो गोळा केले, वर आले आणि चहाचं भांडं उचलायला गेले, तेव्हा अशी कळ आली की भांडं ओट्यावर आपटलं. लेकीने साबण लावून काचेच्या बांगड्या काढल्या. सोन्याची एक राहिली होती, तीही काढायला लावली. संध्याकाळपर्यंत मनगटाचं हाड दिसेनासं झालं होतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू तेलाची वाटी घेऊनच वर आल्या. "थांब गं, एकदा कडकन ओढते, बसेल जागेवर."

"काकू, नको हो. मोडलंबिडलं असेल तर?"

"मोडलं असतं तर बोटं हलली असती का?"

बोटं हलली म्हणजे मोडलेलं नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. मनगटाच्या हाडाला तडा गेलेला असताना बोटं व्यवस्थित हलू शकतात. याचं कारण मनगटाच्या रचनेत आहे. ती रचना कळली की घरी काय करायचं आणि काय टाळायचं, यातलं बरंचसं आपोआप कळतं.

कोपराकडून दोन लांब हाडं येतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. त्यांच्या पुढे आठ लहान हाडं चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. एक होडीच्या आकाराचं, एक चंद्रकोरीसारखं, एक वाटाण्याएवढं. वाटाण्याएवढं हाड तुम्हाला आत्ता हाताला लागेल. तळहाताच्या बाजूने, करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या वळीपाशी दाबून पाहा. बोटं वाकवणारे मोठे स्नायू मनगटात नसतातच, ते कोपराखाली दंडगोलाकार भागात असतात. तिथून निघालेल्या दोऱ्या मनगटावरून सरकत बोटांपर्यंत जातात. तळहाताच्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ दोऱ्या आणि एक मुख्य नस जाते. बोट हलवलं की दोरी सरकते. तिच्या खालचं हाड तडकलेलं असलं तरी दोरी सरकायची थांबत नाही. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कोपराकडच्या ओळीत जी चार हाडं आहेत, त्यातलं वाटाण्याएवढं सोडलं तर मनगट वाकवणारी एकही दोरी त्यांना थेट बांधलेली नाही. ही हाडं स्वतःहून हलत नाहीत. पुढची ओळ ओढली गेली की तीही वळतात, सरकतात, पुन्हा जागेवर येतात. त्यांना एकत्र धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे डॉक्टर ज्यांना लिगामेंट म्हणतात ते चिवट पट्टे. मनगट मुरगळणं म्हणजे हे पट्टे ताणले जाणं. कधी फक्त ताण बसतो, कधी काही धागे तुटतात, कधी पट्टा पूर्ण फाटतो. पहिल्या प्रकारात आठ-पंधरा दिवसांत बराच फरक पडतो, दुसऱ्यात महिना-दीड महिना जातो. तिसरा प्रकार घरी बरा करायचा नाही. इथे मी जे लिहिते आहे ते पहिल्यासाठी, आणि डॉक्टरांनी पाहून झाल्यावर दुसऱ्यासाठी.

म्हणून आधी मोडलेलं नाही ना, याची खात्री. हात पुढे टेकून पडल्यावर जे हाड सर्वांत जास्त मोडतं ते रेडियसचं मनगटाजवळचं टोक. १८१४ मध्ये डब्लिनच्या अब्राहम कोलिस या शल्यचिकित्सकाने या मोडीचं वर्णन लिहिलं. तेव्हा हाडाचा फोटो काढायची सोयच नव्हती. डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून त्याने ते ओळखलं. त्यानंतर तब्बल ८१ वर्षांनी, डिसेंबर १८९५ मध्ये, रंटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचा क्ष-किरणांनी फोटो घेतला. त्या फोटोत बोटांची हाडं दिसतात आणि बोटातली अंगठीही दिसते. कोलिसने वर्णन केलेल्या मोडीत हात बाजूने पाहिला तर जेवायच्या काट्यासारखा बाक दिसतो. असा बाक दिसला तर हात सरळ करायला न जाता, आहे त्या स्थितीत जाड पुठ्ठ्याचा किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सरळ दवाखाना गाठावा.

बाक दिसत नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. दुसरं एक हाड जास्त फसवं आहे, ते होडीच्या आकाराचं, स्कॅफॉइड. अंगठा वर ताणून धरा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. तपकीर ओढणारी जुनी माणसं याच खळग्यात चिमूट ठेवून नाकाशी न्यायची, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. दुखऱ्या हाताच्या खळग्यात बोटाने हलकेच दाबा, मग चांगल्या हाताच्या खळग्यात तेवढंच दाबा. दुखऱ्या बाजूला नेमकी तिथेच कळ येत असेल तर, बाकी हात कितीही ठीक वाटो, डॉक्टरांना दाखवायचंच. या हाडाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बोटांकडच्या टोकातून शिरतात आणि उलट्या, कोपराकडे जातात. मधोमध तडा गेला तर कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मग तो तुकडा कधी जुळत नाही, कधी निर्जीव होतो, आणि काही वर्षांनी तिशी-पस्तिशीतल्या माणसाचं मनगट संधिवाताने झिजू लागतं. क्रिकेट, कबड्डी खेळणाऱ्या, दुचाकीवरून पडणाऱ्या तरुण मुलांमध्ये ही मोड जास्त दिसते आणि "मुका मार आहे, जाईल" म्हणून अंगावर काढणारीही हीच मुलं असतात. मला हे फार लागतं, कारण वेळेवर प्लास्टर घातलं तर हे हाड बहुधा जुळतं.

स्कॅफॉइडचा तडा पहिल्या फोटोत न दिसण्याची शक्यता असते. म्हणून फोटो स्वच्छ असला तरी खळगा दुखत असेल तर डॉक्टर आधार बांधून दहा-चौदा दिवसांनी परत बोलावतात. माझंही तसंच झालं. पहिला फोटो ठीक होता, पण खळग्यात थोडं दुखत होतं. डॉक्टरांनी अंगठ्यासकट आधारपट्टा दिला आणि बाराव्या दिवशी पुन्हा फोटो काढला. तडा नव्हता. पण त्या बारा दिवसांत हात डॉक्टरांनी सांगितला तसाच ठेवला.

आणखी कोणी थांबू नये? बोटं बधिर होत असतील, मुंग्या थांबत नसतील, बोटं थंड किंवा फिकी पडत असतील, जखम उघडी असेल, दुखणं दोन दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढत असेल, त्यांनी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी. लहान मुलांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात आणि तिथल्या इजेचा परिणाम पुढच्या वाढीवर होऊ शकतो, म्हणून मूल दुसऱ्या दिवशीही हात वापरत नसेल तर त्याला दाखवावं. आणि पन्नाशी उलटलेल्या बायांनी. पाळी गेल्यावर हाडं विरळ होऊ लागतात, आणि बसल्या जागेवरून साधं घसरून मनगट मोडणं ही त्याची पहिली खूण असू शकते. अशा बाईचं प्लास्टर निघालं की उपचार संपले असं समजू नये. तिच्या हाडांची घनता तपासून घ्यावी, कारण पुढची मोड खुब्याची असू शकते.

आता घरचे पहिले तीन दिवस.

१९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात चार गोष्टी सांगितल्या: विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, हात उंच ठेवणं. जगभरच्या शाळा-मैदानांवर त्या पाठ झाल्या. पुढे २०१४ मध्ये त्याच मर्किन यांनी स्वतःहून सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरं होणं लांबू शकतं. आपलंच प्रसिद्ध झालेलं मत असं जाहीरपणे मागे घेणारी माणसं थोडी, म्हणून मला या गोष्टीचं अप्रूप आहे. त्यांच्या म्हणण्यामागचं कारण असं की सूज ही नुसती पीडा नाही. पट्ट्याचे धागे तुटले की रक्तातल्या पेशी तिथे धावतात, तुटकं-फुटकं साफ करतात आणि नव्या धाग्यांसाठी जागा तयार करतात. ही साफसफाई पहिल्या काही दिवसांत होते. तिच्या मागोमाग नवे धागे विणले जायला लागतात आणि ते काम काही आठवडे चालतं. ते धागे सुरुवातीला आडवेतिडवे, कच्चे असतात. ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने ते हळूहळू रांगेत येतात आणि पक्के होतात, याला कित्येक महिने लागतात. ताणच आला नाही तर ते गुंता होऊन बसतात.

मग बर्फ लावायचा की नाही? ठणका असह्य असेल तर पहिले दोन-तीन दिवस लावावा. त्याने दुखणं बधिर होतं आणि झोप लागते, एवढ्यासाठीच. बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग दोन-तीन तास काही नाही. फ्रीजमधली मटारची पिशवी मनगटाच्या आकाराला छान बसते. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी बर्फही जपून लावावा आणि शेकही जपून घ्यावा.

हात उंच ठेवण्याच्या बाबतीत मात्र मत बदललेलं नाही. बसताना सोफ्याच्या पाठीवर, झोपताना दोन उशांवर, छातीपेक्षा वर. दिवसभर ओढणीची झोळी गळ्यात अडकवून फिरू नका. त्याने हात खाली, पोटाशी राहतो आणि खांदा आखडतो. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा तर लवकर धरतो. दर तासाला खांदा वर-खाली, कोपर उघडमीट आणि बोटांची मूठ दहा वेळा. मनगट विश्रांतीत असलं तरी त्याच्या आजूबाजूच्यांनी झोपायचं नाही.

क्रेप बँडेज बांधताना बोटांच्या मुळापासून सुरू करून कोपराकडे जायचं, उलट नाही. बांधून झालं की नखावर दाबून सोडावं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटांना मुंग्या आल्या की पट्टी सोडायची, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. आपल्याकडे हाडवैद्याने घट्ट बांबूच्या कामट्या बांधल्या आणि आत हात काळा पडत गेला अशा घटना अस्थिरोग विभागातल्या डॉक्टरांनी पाहिलेल्या असतात. रक्त अडलं की स्नायू मरतो आणि हात कायमचा आखडतो. १८८१ मध्ये फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने याचं वर्णन केलं. आश्चर्य म्हणजे आपल्या सुश्रुतसंहितेतही बांधणीबद्दल नेमकी हीच सावधगिरी आहे. पट्टी सैल असली तर सांध्याला स्थैर्य येत नाही, फार घट्ट असली तर सूज, वेदना आणि पू होतो, असं तिथे म्हटलं आहे. पट्टी कितीदा बदलायची हेही ऋतूवर ठरवलं आहे: थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. घामाने कातडी कुजते हे ज्याने पाहिलंय, तोच असा हिशोब करतो.

काकूंच्या तेलाकडे परत येते. पहिले तीन-चार दिवस चोळायचं नाही, ओढायचं नाही, मुरगळलं त्याच्या उलट दिशेला पिळायचं तर मुळीच नाही. तुटलेल्या बारीक वाहिन्या तेव्हा नुकत्या बंद होत असतात, चोळलं की त्या पुन्हा उघडतात. तालमीतले वस्ताद निखळलेला सांधा बसवतात आणि त्यातल्या काहींचा हात खरंच कसबी असतो. पण मनगट मुरगळल्यावर बसवण्यासारखं काही निखळलेलं नसतं. आंबेहळद, रक्तचंदन, लेपगोळी लावायला माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर. गरम लेपाची ऊब बरी वाटते आणि लेप वाळेपर्यंत माणूस हात हलवत नाही, हाही फायदाच. चुना मात्र टाळावा, त्याने कातडी जळते. निर्गुडीच्या पाल्याचा किंवा गरम मिठाचा शेक तीन दिवसांनंतर, सूज ओसरू लागल्यावर.

वेदनाशामक मलम, डायक्लोफेनॅकसारखं, मनगटाच्या बाबतीत चांगलं काम करतं, कारण सांधा कातडीच्या अगदी जवळ आहे. ते लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. गोळी लागलीच तर आधी पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. यकृताचा त्रास, अशक्तपणा किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली, आणि ती डॉक्टरांनी ठरवावी. आपल्याकडे ६५० मिलिग्रॅमची गोळी सर्रास घेतात आणि सर्दीच्या गोळीतही हेच औषध असतं, तेव्हा बेरीज करताना दोन्ही धरा. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी नको. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि पावसाळ्यात पडण्याबरोबर अंगात ताप असेल तर तो डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही बाजूला ठेवा. एक गोष्ट जाता जाता: कातडी फुटलेली नसेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागत नाही.

चौथ्या दिवसापासून खरं काम सुरू होतं, आणि इथेच बहुतेक घरांत चूक होते. दुखतंय म्हणून हात महिनाभर गळ्यात, किंवा दुखायचं थोडं थांबलं म्हणून लगेच कणकेच्या परातीत.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या तिसऱ्या अध्यायात मोडलेल्या हाडांचे उपचार आहेत. त्यात तळहात मोडलेल्या माणसासाठी एक सूचना आहे. हाताला आधी मातीचा गोळा धरायला द्यावा, पुढे मीठ, आणि हातात बळ आलं की दगड. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. आजचे फिजिओथेरपिस्ट आधी मऊ पुटी देतात, मग रबरी चेंडू, मग डंबेल, त्यामागचा विचार हाच. ओली माती दाबली की दबते, हाताला विरोध करत नाही. मिठाचा खडा टणक पण हलका. दगड टणक आणि जड. सूचना तळहाताची मोड जुळत आल्यानंतरची आहे, मुरगळलेल्या मनगटाची नाही, पण पायऱ्या मला तशाच लागू पडल्या. मी माझ्या दुरुस्तीचे तीन टप्पे त्याच नावांनी ओळखत होते.

मातीचा टप्पा वजनाशिवायचा. माझ्या बाबतीत तो बाराव्या दिवशी, आधारपट्टा निघाल्यावर सुरू झाला. डॉक्टरांनी साधी लचक सांगितली असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू करता येतो. कोपर ते मनगट टेबलावर, हात कडेबाहेर. तळहात खाली ठेवून हात हळूच वर उचलायचा, मग खाली सोडायचा, दहा वेळा. मग हात कडेने, वंदन करताना ठेवतो तसा ठेवून, अंगठ्याकडे आणि करंगळीकडे. मग कोपर अंगाला चिकटवून तळहात आकाशाकडे, तळहात जमिनीकडे. दिवसातून तीन-चार वेळा, कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून केलं तर आणखी सोपं. मऊ भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा मुठीत धरून दाबायचा. लाटायचं नाही, मळायचं नाही, नुसतं दाबायचं.

किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न सगळे विचारतात. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि थोड्या वेळात शमलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट कालच्यापेक्षा जास्त आखडलेलं किंवा सुजलेलं असेल तर काल जास्त झालं. एक पायरी खाली या आणि दोन दिवस तिथेच राहा.

मिठाच्या टप्प्यात थोडं वजन येतं, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून तेच व्यायाम. छोटा टॉवेल पिळायचा, आधी कोरडा, मग ओला. पिळण्यात पकड आणि वळण दोन्ही एकदम येतात, आणि करंगळीच्या बाजूला अल्नाच्या टोकाशी जो कुर्चेचा त्रिकोणी तुकडा असतो त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. टॉवेल पिळताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना करंगळीच्याच बाजूला कळ येत असेल तर पिळणं थांबवा आणि हे डॉक्टरांना नेमकं असंच सांगा.

पकडीबद्दल एक प्रयोग करून पाहा. मनगट खाली वाकवा आणि जोरात मूठ वळा. मूठ घट्ट होतच नाही. आता मनगट थोडं मागे, वीस-तीस अंश वळवा आणि मूठ वळा. सगळं बळ येतं. आधारपट्टा बांधताना मनगट असंच किंचित मागे असावं ते याचसाठी, आणि भांडी उचलतानाही. कढई कानाला धरून उचलताना मनगट खाली वाकलेलं असतं, तेव्हा काही दिवस दोन्ही हातांनी उचला. रात्री झोपेत मनगट नकळत वाकतं आणि सकाळी बोटांना मुंग्या येतात. पहिले काही आठवडे रात्री पट्टा ठेवला तर हा त्रास होत नाही.

मला सगळ्यात आवडलेला व्यायाम ताटातल्या गोटीचा. अस्थिबंधांमध्ये बारीक चेतातंतू असतात. डोळे मिटलेले असतानाही आपला हात कुठे, किती वळलेला आहे हे मेंदूला कळतं त्यात त्यांचाही वाटा असतो. पट्टा दुखावला की ही जाणीवही बोथट होते. मग दुखणं थांबल्यावरही हात दगा देतो, कप निसटतो, पेन घसरतं. यावर उपाय म्हणजे कड असलेलं ताट दुखऱ्या हातावर पेलायचं, त्यात एक गोटी ठेवायची आणि मनगट हळूहळू कलवत ती काठाकाठाने फिरवायची. आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. काठाला न लागता मधोमध थांबवायची. शेजारचा आठवीतला मुलगा माझ्याशी पैजा लावून रोज संध्याकाळी हे खेळायला यायचा. त्याची गोटी पहिल्या दिवशी थांबली, माझी थांबायला नऊ दिवस लागले.

दगडाचा टप्पा सहाव्या आठवड्याच्या आसपास आला. तळहातावर अंगाचा भार टाकणं, म्हणजे जिथे इजा झाली तीच स्थिती. आधी भिंतीला दोन्ही तळहात टेकून हळूच पुढे झुकणं. आठवडाभर त्रास झाला नाही की ओट्याच्या कडेवर. मग खुर्चीच्या बैठकीवर. जमिनीवरचा दंड आणि सूर्यनमस्कार सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही मूठ वळून, मुठीवर भार टाकून सुरुवात केली तर मनगट सरळ राहतं आणि कमी दुखतं. दुचाकीची घाई करू नका. उभ्या गाडीवर बसून पुढचा ब्रेक आणि क्लच पूर्ण जोराने, पटकन, दहा वेळा दाबता आला आणि मनगट कुरकुरलं नाही, तरच रस्त्यावर जा. ब्रेक अर्धा दाबला गेला तर दुखणं फक्त तुमच्यापुरतं राहत नाही.

सहा आठवड्यांनंतरही पकड चांगल्या हाताच्या निम्मी वाटत असेल, मनगट हलवताना दुखऱ्या ठिकाणी आत काहीतरी खटकत असेल, किंवा हात इतका दुखत असेल की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, कातडी चकचकीत दिसते, रंग बदलतो, एकाच हाताला घाम येतो, तर व्यायाम वाढवून उपयोग नाही. अस्थिरोगतज्ज्ञाकडे, शक्य असेल तर हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे जा. नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर काळजी करू नका.

माझा दंडाचा पहिला नीट प्रयत्न नवरात्रात जमला. सोन्याची बांगडी त्याच सुमारास परत चढली. साबणाशिवाय चढली नाही, सांध्याभोवतीचा भरीवपणा जायला बरेच महिने लागतात. दिवाळीत चकलीचा सोऱ्या मीच फिरवला. काकू शेजारी बसून पीठ भरून देत होत्या. दोन घाण्यांनंतर करंगळीच्या बाजूला ओळखीची कळ आली, तेव्हा सोऱ्या त्यांच्या हातात दिला आणि मी तळायला उठले.